वाचकांचे प्रश्न : पाऊस, विहीर आणि नदी यांचे एकच खाते

उन्हाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाण्याविषयीचे प्रश्न वाढतात. यंदा ते इतके आले, की या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. कोणी विहिरीबद्दल विचारले आहे, कोणी धरणाबद्दल, तर कोणी नदीबद्दल. परंतु पृथ्वीवरच्या पाण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारे जलविज्ञान हे सारे पाणी एकाच खात्यात मांडते, आणि हे ध्यानात ठेवून वाचल्यास पुढील उत्तरांचा परस्परसंबंध आपोआप लागेल.

प्रश्न : बातम्यांत पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणातला साठा टीएमसीमध्ये आणि नदीत सोडलेले पाणी क्यूसेकमध्ये सांगतात. वर्गातली मुले विचारतात, की पाणी तेच असताना मापे तीन का? यांचा मेळ कसा घालून दाखवावा? (एक शिक्षिका, ता. खटाव, जि. सातारा)

उत्तर : मुलांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. पाऊस मोजताना आपण पाण्याची उंची मोजतो, साठा मोजताना घनफळ मोजतो आणि विसर्ग मोजताना एका सेकंदात किती घनफळ पुढे गेले ते मोजतो. सपाट फरशीवर पडलेला पाऊस वाहून गेला नाही, मुरला नाही आणि त्याची वाफही झाली नाही, तर पाण्याची जी उंची साचेल, ती म्हणजे मिलिमीटरमधला पाऊस. हवामान खात्याच्या केंद्रांवर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहितात. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी, आणि एक हेक्टरवर १०,००० लिटर. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मुलांकडून मोजून घेतले, तर हा गुणाकार फळ्यावर पाच मिनिटांत होतो.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर आहे. त्यावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा थेंबन्‌थेंब जलाशयात आला असे धरले, तर साठा सुमारे ३.१ टीएमसीने वाढेल. धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. एखाद्या धरणातून दिवसभर अखंड सुमारे ११,५७४ क्यूसेक पाणी सोडले, तर चोवीस तासांत एक टीएमसी पाणी बाहेर पडते.

वरच्या हिशेबातले ‘थेंबन्‌थेंब आला असे धरले तर’ हे शब्द मुलांना आवर्जून समजावून द्यावेत, कारण जलविज्ञानाची सुरुवातच तिथे झाली आहे. झऱ्यांना आणि नद्यांना वर्षभर पुरेल इतके पाणी पावसातून मिळणे शक्यच नाही, समुद्राचेच पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते, असे युरोपातले विद्वान दीर्घकाळ मानत होते. पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सीन नदीच्या उगमाकडच्या भागात तीन वर्षांचा पाऊस मोजला, त्या भागातून नदीने वाहून नेलेल्या पाण्याचा अंदाज बांधला आणि १६७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की नदीचे पाणी पावसाच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतके आहे. पाऊस कमी पडत नव्हता, तो कोणी मोजलाच नव्हता. उरलेले पाच हिस्से कुठे जातात, या प्रश्नातून पुढचे सारे शास्त्र उभे राहिले. आपल्याकडेही जूनमधल्या पहिल्या पावसाचे फार थोडे पाणी धरणात येते, कारण तापलेली, भेगाळलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवते. जुलैच्या मध्यावर जमीन संपृक्त झाली, की तेवढ्याच पावसाचे बहुतांश पाणी ओढ्यांना लागते.

प्रश्न : नारळ उभा राहिला त्या जागी मी ३०० फूट बोअर घेतले, ते कोरडे गेले. बांधापलीकडे शेजाऱ्याला १८० फुटांवर चांगले पाणी लागले. दोन्ही बोअरमध्ये शंभर पावलांचेही अंतर नाही. असे का होते? आता आणखी खोल जावे का? (एक शेतकरी, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : आपले नुकसान मोठे आहे आणि प्रश्न हजारो शेतकऱ्यांचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिथे खडक असतो आणि त्या खडकात जेवढी पोकळी, तेवढेच पाणी मावते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकल्याने खडक भोके पडलेला, सच्छिद्र झाला, तर मधला भाग सावकाश थंड झाल्याने अभेद्य आणि घट्ट बनला. पुष्कळ ठिकाणी बुडबुड्यांची भोके पुढे पांढऱ्या खनिजांनी बुजून गेली. दोन लाव्हा थरांमध्ये जो तांबडा गेरूचा पट्टा दिसतो, तो चिकणमातीसारखा असल्याने पाणी सहजी सोडत नाही. सर्वांत वरचा खडक ऊनपावसाने झिजून त्याचा मुरूम झाला. पाणी राहते ते मुख्यतः या मुरमात, त्याखालच्या फुटक्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यांत. घट्ट पाषाणात ते केवळ भेगा असतील तिथेच सापडते.

आता आपले बोअर आणि शेजाऱ्याचे बोअर पाहा. सहा इंच व्यासाचे छिद्र जमिनीत सरळ खाली जाते. वाटेत पाणी धरणारी भेग आडवी आली, तर पाणी लागले. ती भेग चार हातांवरून निघून गेली असेल, तर तीनशेच काय, सहाशे फुटांवरही धूळच वर येईल. कित्येकदा लाव्हाची उभी भिंत, जिला भूशास्त्रज्ञ डाईक म्हणतात, जमिनीखालून आडवी गेलेली असते. तिच्या चढाकडच्या बाजूला पाणी अडून राहते आणि दुसरी बाजू कोरडी पडते. शंभर पावलांत असा फरक पडणे बेसॉल्टमध्ये नवलाचे नाही.

नारळाबद्दल स्पष्ट लिहितो. तळहातावर नारळ उभा राहणे, कडुनिंबाची दुबेळकी फांदी वाकणे किंवा पायाळू माणसाला पाणी जाणवणे, यांचा जमिनीखालच्या पाण्याशी संबंध असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तरीही त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागल्याची उदाहरणे गावोगावी सांगितली जातात, याचे कारण असे, की चांगल्या पावसानंतर मुरमाच्या थरात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी असतेच. आणि कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट कोणी चावडीवर सांगत बसत नाही. याउलट वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात झाडे, वारुळे, माती आणि दगड यांवरून पाणी ओळखण्याच्या ज्या खुणा गोळा केल्या, त्यांमागची दृष्टी निरीक्षणाची होती. त्यातली प्रत्येक खूण आज खरी ठरेल असे नाही. परंतु उंबर, अर्जुन किंवा शिंदी यांची झाडे दाट आणि उन्हाळ्यातही हिरवी दिसली, तर तिथे पाणी उथळ असण्याचा संभव अधिक, हे आजही मान्य होण्यासारखे आहे. भूजलतज्ज्ञ जमिनीत लोखंडी सळया रोवून विद्युतरोध मोजतात, तेव्हाही यंत्राला पाणी दिसत नाही. खाली मुरूम किती, फुटका खडक किती आणि घट्ट पाषाण कुठे सुरू होतो, याचा अंदाज मिळतो. तो चुकूही शकतो, पण तो कशावरून बांधला हे तपासता येते, आणि शास्त्र म्हणून त्याची किंमत तेवढ्यासाठीच आहे.

आणखी खोल जाऊ नये, असेच मी आपल्याला सांगेन. जसजसे खाली जावे, तसतशा भेगा सामान्यतः कमी आणि बारीक होत जातात. शिवाय राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली आहेत, आणि त्यामागे कारण आहे. खोलवर जे थोडे पाणी मिळते, ते पुष्कळदा वरच्याच थरातून झिरपून गेलेले असते. बोअरला वरच्या भागात पाइप नीट बसवलेला नसेल, तर मुरमातले पाणी त्या छिद्रातून खालच्या कोरड्या भेगांत उतरते आणि आसपासच्या विहिरी आटतात. आपल्याकडे जुनी विहीर असल्यास तिच्यातला गाळ काढून घ्यावा आणि खडक पाहून, पाझर दिसतात त्या पातळीवर आडवे बोअर घेण्याचा विचार करावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर होतात. सहा इंची बोअरमध्ये तेवढ्याच उंचीला १८ लिटर मावतात. आपल्या खडकात पाझर मंद असतो, रात्रभर साठू देऊन सकाळी उपसणे हाच त्याचा स्वभाव आहे, आणि ज्यांनी पूर्वी रुंद विहिरी बांधल्या त्यांनी तो ओळखला होता.

प्रश्न : पृथ्वीवरचे पाणी कमी होत चालले आहे, हे खरे आहे का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : एकूण पाणी माणसाच्या काळाच्या हिशेबात जवळजवळ तेवढेच राहते. ते सुमारे १३८.६ कोटी घनकिलोमीटर आहे, आणि त्यातले सुमारे ९७.५ टक्के खारे आहे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक हिमनद्या आणि ध्रुवांकडच्या बर्फात आहे, सुमारे ३० टक्के जमिनीखाली आहे, आणि जगातल्या सगळ्या नद्यांत मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम दोन हजार घनकिलोमीटर पाणी असते. एवढ्याशा पाण्यावर नद्या वर्षभर वाहतात, कारण ते सतत बदलत राहते. हवेतली वाफ तर सरासरी आठ-दहा दिवसांत पावसाच्या रूपाने खाली येते आणि तिची जागा नवी वाफ घेते.

कमी होते ते विशिष्ट ठिकाणचे, विशिष्ट खोलीवरचे पाणी. मार्च २००२ मध्ये अवकाशात गेलेल्या ग्रेस या उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून जमिनीखालच्या पाण्याचे जणू वजनच केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून २००२ ते २००८ या सहा वर्षांत सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल घटले, आणि त्या काळात तिथे पाऊस असाधारण कमी झाला नव्हता.

प्रश्न : आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये वाडीवर टँकर येतो. मराठवाड्यातल्या नातेवाइकांना हे खरे वाटत नाही. (एक गृहिणी, ता. लांजा, जि. रत्नागिरी)

उत्तर : नातेवाइकांना सांगा, की भांडे गळके असेल तर नळ कितीही सोडला तरी ते भरलेले राहत नाही. कोकणातला जांभा दगड अतिशय सच्छिद्र आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, पडलेला पाऊस त्यातून भराभर मुरतो, म्हणजे पुनर्भरण चांगले होते. पण जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर असतो, त्यावर पोहोचलेले पाणी उताराच्या दिशेने सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडते. तिथून सह्याद्री ते समुद्र हे अंतर इतके थोडे आणि उतार इतका तीव्र, की पाण्याला थांबायला सवडच मिळत नाही. पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. जमिनीतला साठा फेब्रुवारीपर्यंत पाझरून संपतो आणि पुढचे शंभरेक दिवस वाडीला कठीण जातात.

म्हणूनच कोकणात प्रश्न पाऊस वाढवण्याचा नाही, साठा सावकाश सोडण्याचा आहे. आपल्या वाडीच्या झऱ्याखाली महिन्यातून एकदा दहा लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवावे. ऑक्टोबरपासूनच्या नोंदी एका ओळीत मांडल्या, की झरा कोणत्या वेगाने आटतो ते दिसते आणि वरच्या सड्यावर चर खणल्याने किंवा झाडे राखल्याने त्यात फरक पडला की नाही, हे पुढच्या वर्षी वादावाचून कळते.

प्रश्न : आजोबा सांगतात, की त्यांच्या लहानपणी गावची नदी मार्चपर्यंत वाहत असे. आता ती दिवाळीनंतर कोरडी पडते. पावसाचे आकडे पाहिले तर सरासरी फारशी बदललेली नाही. मग पाणी गेले कुठे? आणि नदीचा प्रवाह मोजतात तरी कसा? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जि. जालना)

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण आपण पावसाचे आकडे आधी पाहिलेत. पाऊस थांबल्यानंतर नोव्हेंबरात किंवा जानेवारीत नदीत जे पाणी वाहते, ते पावसाचे राहिलेले पाणी नसते. काठावरच्या आणि वरच्या शिवारातल्या मुरमात साठलेले भूजल नदीपात्रापेक्षा उंचावर असते, म्हणून ते हळूहळू पात्रात पाझरते. याला पायाभूत प्रवाह म्हणतात. शिवारातली भूजलपातळी नदीच्या तळाखाली गेली, की तो प्रवाह थांबतो, आणि पात्रात कोठून सोडलेले पाणी आले तर तेही वाळूतून जमिनीत उतरू लागते. आजोबांच्या काळी मोटेवर चालणाऱ्या विहिरी होत्या, पाठोपाठ इंजिने आली, मग विजेचे पंप, आणि त्यानंतर बोअर. जे पाणी जानेवारीत नदीतून वाहायचे, ते आता ऑक्टोबरपासून पंपांतून पिकांना जाते. ते नाहीसे झालेले नाही, त्याचा मार्ग बदलला आहे.

आपल्याकडे नदीचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांची मोजदाद निरनिराळ्या यंत्रणा करतात. नदीची नोंद केंद्रीय जल आयोग आणि राज्याचे जलसंपदा खाते ठेवते, तर विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाहते. प्रत्येकीचे काम मोलाचे आहे; पण दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या नाहीत, तर तेच पाणी एकदा नदीत आणि एकदा विहिरीत, असे दोनदा जमेस धरले जाते. नदीला बंधारा घालताना त्या वाटच्या विहिरींचा उपसा विचारात घेतला नाही, आणि बंधारा भरला नाही म्हणून पावसाला दोष दिला, असे घडलेले मी पाहिले आहे.

नदीचा प्रवाह कसा मोजतात, हेही आपण विचारले आहे. पात्राच्या आडव्या छेदाचे लहान लहान उभे पट्टे कल्पून प्रत्येकाची रुंदी आणि खोली मोजतात, त्यात फिरत्या कपांचे प्रवाहमापक सोडून वेग घेतात आणि क्षेत्रफळ गुणिले वेग अशी बेरीज करतात. प्रवाह उथळ असेल, तर पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवरचा वेग सरासरी वेगाच्या जवळ असतो. अशी मोजणी निरनिराळ्या पातळ्यांना करून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख तयार झाला, की पुढे काठावरच्या मोजपट्टीवर पातळी वाचणे पुरते. पुराने पात्र खरवडले, की तो आलेख नव्याने करावा लागतो, आणि हे काम टाळले तर आकडे खोटे होतात.

प्रश्न : गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडा, असे सगळे सांगतात, पण सुरुवात कशी करायची ते कोणी सांगत नाही. (एक ग्रामपंचायत सदस्य, ता. सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : एक उदाहरण करून दाखवतो, आकडे आपल्या गावाचे घालावेत. गावाचे शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५५० मिलिमीटर धरू. एवढ्या क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी लिटर, म्हणून वर्षाचा पाऊस ५५० कोटी लिटर. बेसॉल्टच्या मुलखात त्यातला सर्वसाधारणपणे दहा-बारा टक्के भाग भूजलापर्यंत पोहोचतो. तो ६० कोटी लिटर धरू. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात, आणि जनावरांसाठी आणखी २ कोटी ठेवू. पिण्याचे पाणी इतके थोडे आहे. उरलेले ५४ कोटी लिटर शेतीला.

पावसाखेरीज विहिरीतून दीड मीटर पाणी द्यावे लागणाऱ्या उसाला हेक्टरी दीड कोटी लिटर लागतात, म्हणजे ५४ कोटींत फक्त ३६ हेक्टर ऊस. रब्बी ज्वारीला दोन-तीन पाळ्यांत मिळून २०० मिलिमीटर दिले, तर हेक्टरी २० लाख लिटर लागतात आणि त्याच पाण्यात २७० हेक्टर ज्वारी निघते. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात थोडे पाणी ओढ्यातून निघून जाते, म्हणून सगळे वाटून टाकू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पावसाच्या नोंदींवरून दरवर्षी ग्रामसभेत असाच हिशेब मांडला आणि त्यावरून पिके ठरवली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. तिथले पाणी टिकले, ते बंधाऱ्यांइतकेच या हिशेबामुळे टिकले, असे माझे मत आहे.

हा हिशेब पडताळण्याची सोय विहिरीतच आहे. आपल्या मुरमाट खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे २ टक्के असते. याचा अर्थ ६० मिलिमीटर पुनर्भरणाने विहिरींची पातळी ३ मीटर चढते आणि तेवढाच उपसा झाला की ३ मीटर उतरते. नदीकाठच्या वाळूच्या मुलखात हेच पाणी अर्धा मीटरभरच पातळी हलवेल. म्हणून आपल्या विहिरी पावसाळ्यात पाहता पाहता भरतात आणि भरलेल्या विहिरी बघून साठा फार मोठा वाटतो. वरच्या उदाहरणातल्या शिवारात मात्र एक मीटर पाणी म्हणजे फक्त २० कोटी लिटर असतात.

शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीच्या काठावर न पुसणाऱ्या रंगाने एक खूण करावी आणि त्याच खुणेपासून, सकाळी पंप सुरू होण्याआधी, पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार मोजमापे पुरेत. पहिल्या वर्षी मे आणि ऑक्टोबर यांमधला फरक मीटरमध्ये काढून त्याला २० कोटींनी (शिवार १,००० हेक्टरांहून लहान-मोठे असेल, तर त्या प्रमाणातल्या आकड्याने) गुणावे, आणि तो आकडा रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेच्या फलकावर लिहावा.